"आवाज येतोय का?" टीव्हीच्या चित्रातला बिघाड घरच्या घरी कसा शोधायचा

फोन उचलला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आवाज येतोय का?" समोरचा वैतागतो. मॅच चालू असते, घरात पाहुणे बसलेले असतात, आणि हा बाबा आवाजाचं विचारतोय. पण त्या एका उत्तरावर मी पिशवीत काय भरायचं ते ठरतं. आवाज आहे, चित्र नाही, तर एक रस्ता. दोन्ही नाही, तर दुसरा. दोन्ही आहे पण चित्र फाटतंय, चौकोन पडतायत, रंग भलतेच दिसतायत, तर पुष्कळदा मला यायची गरजच नसते. फोनवरच काम होतं आणि माझे व्हिजिटचे पैसे बुडतात.

नाशिकला सिडकोत माझं टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पिक्चर ट्यूबच्या, पाठीला कुबड असलेल्या टीव्हीपासून मी हेच करतोय. तेव्हा चित्र गेलं की लोक आधी टीव्हीच्या डोक्यावर एक चापट मारायचे, आणि कधीकधी तो खरंच चालू व्हायचा, कारण आतला एखादा टाका सुटलेला असायचा. आजच्या सपाट टीव्हीला चापट माराल तर पॅनल, म्हणजे समोरचा पडदाच जाईल, आणि पॅनलची किंमत ऐकून बरेच जण नवा टीव्हीच बघायला निघतात. तेव्हा चापटीऐवजी काय करायचं ते सांगतो. हाताशी मोबाइलची टॉर्च, एक पेन ड्राइव्ह आणि जमल्यास शेजाऱ्याकडून मागून आणलेली एचडीएमआय वायर (सेट टॉप बॉक्स टीव्हीला जोडते ती) एवढं असलं तरी पुरे.

आधी मेनू उघडा, तोही दोनदा

घरात दोन रिमोट असतात, एक टीव्हीचा आणि एक सेट टॉप बॉक्सचा, म्हणजे डब्याचा. सगळी गंमत या दोन रिमोटमध्ये आहे.

टीव्हीच्या रिमोटवरचं सेटिंगचं बटण दाबा. समोर येणारा मेनू टीव्हीनं स्वतः काढलेला असतो. त्याचा डब्याशी, केबलशी, नेटशी काही संबंध नसतो. मागच्या चित्रात चौकोन पडतायत पण मेनूची अक्षरं स्वच्छ आहेत, तर टीव्ही निरोगी आहे. उलट जी रेघ चित्रावर आहे तीच मेनूवरूनही आरपार गेली, मेनूवरही तोच डाग, तीच हिरवट झाक, तर दुखणं टीव्हीचं. मग डबा बदलून, केबलवाल्याशी भांडून काही उपयोग नाही.

मेनू स्वच्छ निघाला तर आता डब्याच्या रिमोटनं डब्याचा मेनू काढा. तोही स्वच्छ आणि फक्त चॅनेलच फाटत असेल, तर डबा आणि टीव्हीमधली वायर ठीक आहे. बिघाड डब्याच्या मागे, म्हणजे गच्चीवरची डिशची छत्री, छत्रीपासून येणारी वायर किंवा केबलवाल्याची लाइन. डब्याचा मेनूसुद्धा फाटत असेल, पण टीव्हीचा नाही, तर मधली वायर किंवा डबाच.

इंदिरानगरच्या एका आजोबांशी फोनवर झालेलं बोलणं असं:

"काका, टीव्हीच्या रिमोटनं मेनू काढा. त्यावर चौकोन दिसतात?"

"नाही रे, मेनू चकाचक."

"आता डब्याच्या रिमोटनं."

"तोही चकाचक. चॅनेलच तेवढं फुटतंय."

"मग टीव्ही बरा आहे आणि डबाही बरा आहे. नातवाला गच्चीवर पाठवा."

संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते. नातवानं गच्चीवरून फोटो पाठवला: छत्रीच्या दांड्याला मांजा गुंडाळलेला, पतंगाची काडी लोंबकळतेय आणि छत्री जरा कलंडलेली. पतंग ओढताना कोणीतरी तिच्यावर हात टेकला असणार.

डबा नसेल, सगळं नेटवरच बघत असाल, तर पेन ड्राइव्हची युक्ती वापरा. मोबाइलवर काढलेला एखादा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीच्या यूएसबीत लावा. टीव्हीला पेन ड्राइव्ह ओळखता आली नाही तर ती एफएटी ३२ मध्ये (पेन ड्राइव्हवर फाइली ठेवायची एक पद्धत) फॉरमॅट करून बघा. या व्हिडिओला वायर नाही, छत्री नाही, वायफाय नाही. तो नीट दिसला तर टीव्हीला हात लावू नका.

आणि बिघाड दिसत असतानाच मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून ठेवा, थरथरत असेल तर दहा सेकंदांचा व्हिडिओ. मेकॅनिक दारात उभा राहिला की टीव्ही शहाण्यासारखा वागतो, हा माझा कायमचा अनुभव आहे.

बंद करून चालू करणं म्हणजे रिमोट दाबणं नव्हे

रिमोटनं बंद केलेला टीव्ही झोपलेला असतो, बंद नसतो. खटका बंद करा, पिन सॉकेटमधून ओढून काढा, मग टीव्हीच्या अंगावरचं पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. डब्याचीही पिन काढा. आधी टीव्ही, मग डबा असं लावा. अडकलेलं सॉफ्टवेअर, गोठलेलं चित्र, "नो सिग्नल"चा हट्ट, यातलं बरंच काही इथेच सुटतं.

"नो सिग्नल" गेलं नाही तर रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुट बटण बघा. डबा एचडीएमआय २ ला आहे आणि टीव्ही एचडीएमआय १ वर बसलाय, हे घरात लहान मूल असलं की आठवड्याला एकदा होतं. आणि रिचार्ज संपलाय का तेही बघा. हसू नका, याच कारणासाठी मी गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर जिने चढून गेलोय.

चौकोन पडतात, चित्र अडकतं

छत्रीवाल्यांसाठी हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण पावसाळ्यात निम्मे फोन याचेच असतात.

डब्याच्या सेटिंगमध्ये सिग्नलचं पान असतं. तिथं दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेन्ग्थ आणि क्वालिटी. लोक पहिली बघून खूश होतात, पण चित्र दुसरीवर चालतं. स्ट्रेन्ग्थ भरपूर पण क्वालिटी शून्य, तर छत्रीचं तोंड फिरलंय किंवा समोर काहीतरी आडवं आलंय. दोन्ही शून्य, तर वायर तुटलीय, पिन निघालीय किंवा छत्रीच्या दांड्यावरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा भाग, गेलाय. काही चॅनेल येतात आणि काही अजिबात येत नाहीत, असं असेल तरी एलएनबी आणि वायरीवर संशय घ्या. डबा वायरीतून वर एलएनबीला कधी १३ तर कधी १८ व्होल्ट पाठवतो आणि त्यावर चॅनेलचे गट बदलतात. पिन खराब असली की एका गटाला वीज पुरते, दुसऱ्याला पुरत नाही.

आता दिशा. आपले घरगुती डीटीएचचे उपग्रह नाशिकच्या पूर्वेकडच्या रेखांशांवर, विषुववृत्ताच्या वर आहेत. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, तो ९३.५ अंश पूर्वेला. नाशिक पावणेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. त्यामुळे फ्री डिशची छत्री आपल्याकडे साधारण आग्नेयेला बघते; इतर कंपन्यांच्या थोड्या दक्षिणेकडे किंवा थोड्या पूर्वेकडे सरकलेल्या असतात. छत्री चुकून उत्तरेला बघताना दिसली तर ती नक्की कुणीतरी फिरवलीय. आणि त्या आग्नेयेच्या बाजूला छत्री बसवली तेव्हा कमरेएवढं असलेलं अशोकाचं झाड आज तीन मजले झालंय का, ते बघा. झाड पानं गाळणारं असेल, पानगळीच्या दिवसांत चित्र चांगलं आणि पालवी फुटली की बिघडतं, तर झाडच दोषी.

पावसाचं वेगळं आहे. या छत्र्यांना येणारा सिग्नल ११-१२ गिगाहर्ट्झच्या घरातला असतो आणि पावसाचे थेंब तो खातात. आभाळ फाटल्यासारखा कोसळत असताना पंधरा-वीस मिनिटं चित्र जाणं हा बिघाड नाही. चहा प्या, परत येईल. पण नुसती श्रावणातली भुरभुर सुरू झाली आणि चित्र गेलं, तर छत्री आधीच काठावर होती. दिशा किंचित हललीय किंवा पिनेत पाणी गेलंय.

बहुतेक वेळा पिनच. एलएनबीच्या खालची पिन उघडली की आतली तांब्याची तार हिरवी पडलेली दिसते आणि भोवतीची जाळी हातात भुकटी होऊन येते. मधे जोड दिलेला असेल आणि त्यावर नुसती काळी टेप गुंडाळलेली असेल, तर तो जोडही असाच सडलेला असतो. तो भाग कापून टाका आणि नवी पिन लावा. आधी डब्याचा खटका बंद, कारण जाळीची एक तार मधल्या तारेला टेकली तरी शॉर्ट होतो. वायरचं वरचं काळं आवरण दीड सेंटीमीटर सोला, जाळी उलटी मागे दुमडा, मधलं पांढरं आवरण सहा-सात मिलिमीटर काढा, मग पिन घट्ट फिरवत बसवा. मधली तार पिनेच्या कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर डोकावली पाहिजे. कमी असली तर टेकत नाही, जास्त असली तर आतला भाग वाकवते. पिन एलएनबीला लावून झाल्यावर वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून गळून जाईल, पिनेकडे उतरणार नाही. हा झोळ बसवणाऱ्यांपैकी फार थोडे देतात.

तुमची छत्री पत्र्यावर किंवा उतरत्या कौलांवर असेल तर हे काम स्वतः करू नका. ओल्या पत्र्यावरून पाय घसरण्यापेक्षा बसवणाऱ्याला दिलेले पैसे स्वस्त.

केबलवाल्यांकडे छत्री नसते, पण पिनांचं दुखणं तेच. एकाच वायरीवर फाट्यावर फाटा देऊन तीन खोल्यांत टीव्ही चालवत असाल, तर प्रत्येक फाट्याला सिग्नल अर्ध्यावर येतो. मधले फाटे काढून एक टीव्ही थेट लाइनला लावून बघा.

एचडीएमआयचे चाळे

पडदा मधूनच दोन सेकंद काळा होतो आणि परत येतो, चित्रात हिरवे-पांढरे ठिपके चमचमतात, किंवा एकाच डब्यावर "हे बघता येणार नाही" अशी पाटी येते. हे सगळं बहुतेक वायरीचं. दोन्ही टोकं काढा, पिनेत धूळ आहे का बघा, परत लावा, मग दुसऱ्या पोर्टला लावा. तरी तेच, तर दुसरी वायर. ४के डबा किंवा गेमिंग कन्सोल असेल तर जुनी बारीक वायर चालत नाही; प्रति सेकंद ६० फ्रेमचं ४के पाठवायला १८ गिगाबिटची वायर लागते. खोक्यावर तसं लिहिलेली, तीन मीटरच्या आतली घ्या. सोन्याचा मुलामा दिलेली हजार रुपयांची वायर घ्यायची गरज नाही, दुकानदार काहीही म्हणो.

लाल-पांढरी-पिवळी वायर अजून वापरत असाल आणि चित्र काळं-पांढरं झालं असेल, तर पिवळी पिन बघा. कित्येक टीव्हींना पिवळी आणि हिरवी एकाच भोकात जाते, तिथे सेटिंगमध्ये एव्ही निवडावं लागतं, कम्पोनन्ट नव्हे. रंगपद्धत पॅल किंवा ऑटो ठेवा. आणि रिमोटवर पोरं खेळली असतील तर सुलभतेच्या सेटिंगमध्ये ग्रेस्केल चालू झालंय का तेही बघा.

आवाज येतो, पडदा काळा: टॉर्च लावून बघा

पंचवटीत एका मावशींचा टीव्ही असाच. संध्याकाळची मालिका ऐकू येत होती, दिसत नव्हती. मी दिवे मालवायला लावले, पडदे ओढले, मोबाइलची टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरकी धरली. त्या गोल उजेडात मालिकेतल्या सासूबाईंचा चेहरा अंधुक दिसला, टिकली-नथीसकट. मावशी म्हणाल्या, "अगोबाई, आत चालूच आहे की!"

आत चालूच असतं. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो खरं तर एलसीडी असतो. समोरचा पडदा चित्र बनवतो, पण त्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्या उजेड देतात. या पट्ट्यांतले दिवे माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की माळ विझते. पुष्कळ टीव्ही चालू केल्यावर एक-दोन सेकंद उजळतात आणि लगेच काळे पडतात, ते याचंच लक्षण. सर्किटला गडबड कळते आणि ते उजेड बंद करतं. टॉर्चमध्ये चित्र दिसलं तर पॅनल जिवंत आहे, पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा बोर्ड गेलाय. हे दुरुस्त होतं, आणि पॅनलच्या मानानं बऱ्यापैकी स्वस्तात. ओएलईडी टीव्हीला मात्र ही चाचणी लागू नाही. त्यात मागचे दिवेच नसतात.

मेकॅनिक म्हणाला की एकच पट्टी बदलतो, तर सगळ्या बदलून घ्या. बाकीच्याही तेवढ्याच वापरलेल्या असतात, त्या पुढच्या काही महिन्यांत जातात आणि पॅनल परत उघडावं लागतं. पॅनल उचलताना तडकण्याचा धोका दर वेळी असतो. म्हणून हे काम सपाट टेबलावर, दोन माणसांनी करायचं. गादीवर टीव्ही पालथा घालून पॅनल काढणाऱ्याला मी तरी घरात घेणार नाही.

चित्र आहे पण त्यात दोन-चार ठिकाणी टॉर्चचा फोकस पडल्यासारखे पांढरे गोळे दिसतात, हे याच कुळातलं. प्रत्येक दिव्यावर उजेड पसरवणारी प्लास्टिकची छोटी वाटी चिकटवलेली असते. वर्षानुवर्षं तापून गोंद सुटतो आणि वाटी खाली पडते. बघायला त्रास होत नसेल तर घाई नाही. एकामागून एक पडायला लागल्या की मात्र उघडून परत चिकटवाव्या लागतात.

पट्ट्यांचं आयुष्य वाढवायचं तर सेटिंगमधला बॅकलाइट शंभरावरून साठ-सत्तरवर आणा. ब्राइटनेस म्हणून जो आकडा असतो तो बहुतेक टीव्हींत काळा रंग किती काळा दिसावा ते ठरवतो, पट्ट्यांचा उजेड नाही. नव्या काही टीव्हींत नावं उलटसुलट झालीत, तेव्हा आकडा कमी करून अंधाऱ्या दृश्यात काय बदलतं ते बघा आणि मग ठरवा.

पडदा काळा, आवाजही नाही, फक्त लाल दिवा लुकलुकतोय, तर लुकलुक मोजा. किती वेळा लागतो, मग थांबतो, परत किती वेळा. कित्येक कंपन्या या मोजणीतूनच कुठला भाग गेला ते सांगतात. मेकॅनिकला फोनवर "पाच वेळा लुकलुकतो" एवढं सांगितलंत तरी तो योग्य बोर्ड घेऊन येईल.

रेघा, आणि दसऱ्याची साफसफाई

दसरा जवळ आला की नाशिकभर घरं झाडली जातात, आणि त्या आठवड्यात माझ्याकडे रेघांचे टीव्ही येतात. काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारला जातो. पाणी ओघळून खालच्या पट्टीत जातं, आणि पुष्कळ टीव्हींत त्या पट्टीच्या आतच पॅनलला चिकटवलेल्या केसाएवढ्या बारीक जोडांच्या रिबिनी असतात. तिथे ओल पोचली की दुसऱ्या दिवशी उभ्या रंगीत रेघा. जेल रोडच्या एका घरी तर वहिनींनी पडदा इतका चकचकीत केला होता की रेघा आणखी उठून दिसत होत्या. त्यांना काही बोलवेना मला.

स्प्रे आत गेला असं कळलं तर लगेच पिन काढा, टीव्ही उभाच ठेवा, पंख्याखाली दोन दिवस राहू द्या आणि तोपर्यंत "बघू चालतोय का" म्हणून चालू करू नका. हेअर ड्रायर नको. पडदा पुसायचा तो टीव्ही बंद आणि थंड असताना, कोरड्या मायक्रोफायबरच्या कापडानं. चिकट डाग असेल तर कापड साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आडवं पुसा. स्पिरिट, अमोनियाची औषधं, वर्तमानपत्राचा बोळा, सगळं वर्ज्य.

रेघांचे प्रकार ओळखा. एकच बारीक उभी रेघ, कायम एकाच जागी, मेनूवरूनही जाणारी, हे पॅनलचं. वाढत नसेल तर तशीच वापरा. मी लोकांना हेच सांगतो आणि शिव्या खातो. आडव्या रेघाही पॅनलच्याच. पडद्याचा अर्धा भाग काळा, किंवा सगळं चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं किंवा धुतल्यासारखं, तर टी-कॉन नावाच्या छोट्या बोर्डाचा किंवा त्याला जाणाऱ्या चपट्या रिबिनीचा संशय घेता येतो. त्यात आशा असते. कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर किंवा शाई सांडल्यासारखा काळा डाग, म्हणजे पॅनल फुटलं. क्रिकेटचा चेंडू, रिमोट, मांजर, जे काही असेल ते. हे वॉरंटीत बसत नाही.

ओएलईडीवर दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल चालवलंत तर त्याच्या लोगोची आणि खालच्या पट्टीची सावली राहते. मेनूत पिक्सेल रिफ्रेश असतं ते वापरा, आणि असा टीव्ही रोज रात्री भिंतीवरचा खटका बंद करून ठेवू नका. तो रिमोटनं बंद केल्यावर झोपेत स्वतःची दुरुस्ती करतो. वीजच नसेल तर करणार कशी?

रंग आणि आकार

हे पटकन. जुने सिनेमे लागले की माणसं बुटकी-जाडी दिसतात, कारण ४:३ चं चित्र ताणून १६:९ केलेलं असतं. पिक्चर साइझ ऑटो किंवा मूळ आकारावर ठेवा. मॅचमधला स्कोअर कडेला कापला जातो, तर त्याच यादीत जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट शोधा. सिनेमा मालिकेसारखा सुळसुळीत दिसतो, तर मोशनचं जे काही नाव तुमच्या कंपनीनं ठेवलंय ते बंद करा. मॅचसाठी हवं तर राहू द्या. चित्र आपोआप मंद होतं, तर वीजबचत किंवा खोलीतल्या उजेडाचा सेन्सर चालू आहे. आणि तुम्ही सेटिंग करता, थोड्या वेळानं ते परत भडक होतं, तर टीव्ही अजून दुकानातल्या डेमो मोडमध्ये आहे. मेनूत होम मोड निवडा. काहीच जमलं नाही तर सिनेमा मोड लावा आणि आठवडाभर सवय होऊ द्या. आधी पिवळट वाटेल, नंतर तोच खरा वाटेल.

नेटवरचं चित्र धूसर असेल तर आधी वेग मोजा, टीव्हीजवळ उभं राहून. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस सुचवतं. राउटर दुसऱ्या खोलीत आणि मधे दोन भिंती असतील तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दमतं. राउटर हलवा किंवा राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची वायर ओढा. तुमचा प्लॅनच कमी रिझोल्यूशनचा नाही ना, तेही बघा.

वीज, वळीव आणि पाल

एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून आलं की द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो. टीव्ही असलेल्यांच्याही यायला हवा. कडकडाट सुरू झाला की विजेची पिन तर काढाच, पण छत्रीची, केबलची आणि लॅनची वायरही काढा. वीज त्या वायरीनंही घरात येते. एचडीएमआयचे पोर्ट जळालेले कितीतरी टीव्ही मी बघितलेत आणि घरवाले शपथेवर सांगतात की "खटका बंद होता".

स्टॅबिलायझर लागतोच असं नाही. टीव्हीच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो चढउतार सोसतो. अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये चांगला स्पाइक गार्ड लावा, आणि तो जन्मभर पुरत नाही हे लक्षात ठेवा. घरातले दिवे अचानक काही भगभगीत, काही मंद झाले तर न्यूट्रल सुटलाय. धावत जाऊन मेन स्विच पाडा, टीव्ही नंतर बघू.

पावसात गोदेला पूर आला आणि काठावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की भांडी बाजार, सराफ बाजारातले लोक सामान वर चढवतात. तरीही टीव्ही भिजलाच, तर चालू करून बघू नका. गाळाचं पाणी गेलेला बोर्ड आधी धुवून-वाळवून घ्यावा लागतो. चालू केलात की तो कायमचा जातो.

मागचं झाकण मात्र उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर चार्ज काही वेळ टिकतो. मी ते रिकामे केल्याशिवाय हात घालत नाही. आणि एकदा तर आत पाल होती, पॉवर बोर्डावर आडवी, पार भाजलेली. फ्यूज तिनंच उडवला होता.

मेकॅनिकला बोलावताना

कारखान्यातल्या सेटिंगवर टीव्ही नेणं, म्हणजे फॅक्टरी रीसेट, हे शेवटचं. आधी सगळ्या ॲपचे पासवर्ड वहीत लिहून घ्या. त्यानंही भागलं नाही आणि वॉरंटी असेल तर कंपनीलाच बोलवा. स्थानिक माणसानं उघडला की वॉरंटी गेलीच समजा. कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आमच्यासारख्याला बोलावलंत तर मॉडेल नंबर, तो फोटो आणि मेनूवर रेघ होती की नव्हती एवढं सांगा. खर्च आधी लिहून मागा, बदललेला जुना बोर्ड परत मागा. खर्च तशाच नव्या टीव्हीच्या निम्म्यावर जात असेल तर मी स्वतःच गिऱ्हाइकाला नको म्हणतो.

आणि दुकानात आणायचा झाला तर उभाच आणा, मूळ खोक्यात. खोकं माळ्यावरून फेकून दिलं असेल तर पडद्याला चादर गुंडाळून दोन गाद्यांच्या मधे, रिक्षात, एक जण धरून. पडदा वर करून गाडीच्या मागच्या सीटवर आडवा टाकून आणलेला टीव्ही मी आधी बाहेरूनच टॉर्च मारून बघतो, आणि चीर दिसली तर गिऱ्हाइकाला तिथेच, रस्त्यावर, दाखवतो. नाहीतर ती माझ्या दुकानात पडली असं होतं.